पेणमध्ये घडवलेलं हेल्मेट

सांगलीत नदीकाठी आम्हा पोहणाऱ्यांचा एक कट्टा आहे. तिथे हल्ली एकच विषय चालतो. पोहणं, मग सायकल, मग पळणं अशी तिहेरी शर्यत आता आपल्याकडेही व्हायला लागली आहे, तर तिच्यासाठी ते परदेशी महागडं सामान घ्यावं की नाही? कट्ट्यावरचा मीच एकटा असली शर्यत करायला रायगड जिल्ह्यात जाऊन आलो, म्हणून विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. मी टेलिफोनच्या खांबांवर चढणारा माणूस. चिक्कू म्हणून माझा लौकिक आहे आणि तो खोटा नाही. बुटांच्या तळव्यांना जुन्या टायरचे तुकडे डकवून मी वर्षानुवर्षं काढली आहेत. तेव्हा मी 'हट्, काही लागत नाही त्यातलं' म्हणून विषय उडवून लावीन अशी सगळ्यांची खात्री असते. जाण्याआधी विचारलं असतं तर तसंच म्हणालो असतो.

आता तोंडाने सांगायला गेलो की मध्येच विषय बदलतो, म्हणून लिहून काढतो आहे. ज्याच्या घरी मी उतरलो होतो तो दत्ता आता नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याला शेवटी धक्का द्यायची हौस मला नाही.

पेण

दत्ताची माझी ओळख आमच्याच गावची. कृष्णेतल्या पोहण्याच्या शर्यतीला तो आला होता आणि माझ्याकडे मुक्कामाला होता. काळा, सडपातळ, पाण्यात शिरला की मासा. रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला होता. त्याच कंपनीच्या क्लबाने ही तिहेरी शर्यत ठरवली आणि त्याने मला बोलावून घेतलं. मीही आठवडाभराची रजा टाकली आणि थंडीच्या दिवसांत एसटीच्या टपावर सायकल बांधून निघालो.

खोपोलीला गाडी बदलताना हमालाने सायकल अशी काही आपटली की पुढचं चाक जिलबीसारखं झालं. पेणच्या रामवाडी स्टँडवर उतरलो तेव्हा माझं तोंडही तसंच झालं असणार. दत्ता न्यायला आलाच होता. चाक बघून म्हणाला, "हात्तिच्या! कंपनीतला फिटर सरळ करून देईल. आदी चला, चा पिऊ. मेव्हण्याचा कारखाना हितंच हाय."

मेव्हणा म्हणजे दत्ताच्या बायकोचा थोरला भाऊ नामदेव. गणपती करणारा. आमच्याकडे गणपतीची आठवण लोकांना श्रावणात होते, इथे भर थंडीत शेडभर पांढरेफटक गणपती रंगाची वाट बघत बसले होते. बोटीने परदेशी जायचे ते आधी निघतात, असं कळलं. एका बाजूला पेंढ्याचा ढीग. दोन बायका खोक्यांत पेंढा अंथरून मूर्ती आडव्या निजवत होत्या आणि पोटाखाली, सोंडेखाली, कानांमागे पेंढा असा ठासत होत्या की खोकं उलटं केलं तरी काही हलू नये.

नामदेवने माझ्या कमरेएवढा एक गणपती एका हाताने उचलून दाखवला. मी चाट पडलो. आमचे गणपती मातीचे, चौघांनी उचलायचे आणि चौघांनी धापा टाकायच्या.

"कागदाचा हाय," तो म्हणाला. "साच्यात रद्दीच्या पट्ट्या खळीनं चिकटवायच्या, एकावर एक. आतून पोकळ. जेवडा हलका तेवडा कारागीर चांगला."

चहा होईपर्यंत दत्ताने माझ्या सामानातून हेल्मेट काढलं. ते माझं नव्हतं. सांगलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी अमेरिकेहून आणलेलं, जपून वापर म्हणून बजावून मला दिलेलं. शर्यतीचा नियमच होता की हेल्मेट नसेल त्याला सायकलवर बसू देणार नाहीत.

"केवड्याला पडतं वो असलं?" दत्ताने विचारलं.

"अडीच हजार."

"दोन म्हैन्यांचा पगार डोक्यावर घालून फिरायचं!" तो हसला, पण हसू पुरं उमटलं नाही. मग त्याने मला खरी गोष्ट सांगितली. स्थानिक कामगारांतून जो पहिला येईल त्याला कायम करू, असं क्लबाने जाहीर केलं होतं. दत्ता किती वर्षं कंत्राटावर होता ते तोच जाणे. दर थोड्या महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळे, म्हणजे घरी बसवत आणि मग नव्याने घेत. ही शर्यत त्याच्यासाठी हौस नव्हती. आणि हेल्मेटवाचून तो शर्यतीतच नव्हता.

नामदेव इतका वेळ हेल्मेट हातात फिरवत होता. त्याने वरच्या कवचावर टिचकी मारली, कडेला नख लावून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, ह्याच्यासाठी रडताव काय? वरचं तर नुस्तं पापुद्र्यावानी हाय. साचा घेऊन आठवड्यात करून देतो. तुमी जावा, भाऊंची टोपी तवर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

मला तर हे ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. परदेशी वस्तूला पेणच्या रद्दीने हरवायचं, याहून माझ्या स्वभावाला मानवणारं दुसरं काय असणार?

जिते

दत्ताचं घर जित्याला, स्टेशनपासून शेतांतून चालत जावं लागतं. भात कापून झालेलं होतं आणि त्याच ओलीवर वाल टरारून आले होते. दत्ताची बायको सुरेखा अंगणात उभी होती. मी दिसताच म्हणाली, "भावोजी, येवड्या लांबून सायकल घेऊन आलाव आनि ती बी मोडकी?"

मला ही वहिनी तिथेच आवडली.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. आमची ज्वारीची भाकरी खाल्ली की माणसाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. ही पांढरी, मऊसूत, चार खाल्ल्या तरी मला पत्ता लागेना. सुरेखावहिनी शेवटी म्हणाली, "पीठ संपलं, भावोजी. आता दगड वाढू काय?"

दत्ताचं सामान बघून मला माझीच लाज वाटली. कंजुषीत मी त्याच्यापुढे पोर. कोपर टेकून वाकायला परदेशी सायकलींना जो दांडा असतो, तो त्याने पंख्याच्या जुन्या पाइपाचा वाकवून घेतला होता. सायकलचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटीसुद्धा काढून टाकली होती. घट्ट चड्डी वहिनीने फाटक्या छत्रीच्या कापडाची शिवली होती आणि आत बसायच्या जागी जुन्या रजईचा तुकडा. मी ती सायकल चालवून पाहिली. खोटं कशाला सांगू, उत्तम चालत होती. त्या सामानापैकी एकाही गोष्टीने त्याला दगा दिला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सरावाला आम्ही खाडीकडच्या मिठागरांवर पळायला जात असू. बांध सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना पाणी चमकतं. तिसऱ्या खेपेला मी बांध सोडून जवळची वाट धरायला गेलो आणि गुडघाभर चिखलात रुतलो. पाय निघाला, बूट राहिला. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चाललेल्या बाईने थांबून मजा बघितली आणि मागच्या बाईला ओरडून म्हणाली, "बग गो, बूट पेरतोय तो!" दत्ता हसून हसून बांधावर बसला. मला तो तसाच आठवतो, मांड्यांवर हात मारून हसताना. एरवी तो फार हसणारा नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे मडक्यात भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. हुरड्याचा मला अभिमान आहे, पण त्या शेंगांचा वास अजून नाकात आहे. मडकं फोडत होतो तेवढ्यात नामदेव सायकलवरून आला. कॅरिअरला खोकं. खोक्यात पेंढा, आणि पेंढ्यात हेल्मेट.

काय वस्तू केली होती! लाल रंग, पांढरे पट्टे, हवेची भोकं, अगदी बाजूची इंग्रजी अक्षरंसुद्धा कुंचल्याने जशीच्या तशी उतरवलेली. हनुवटीखालचा पट्टा दप्तराचा. आतून मऊ फडकं डकवलेलं. माझं हेल्मेटही त्याने जसंच्या तसं परत आणलं होतं. दोन्ही शेजारी ठेवली तर खुद्द डॉक्टर फसले असते. मी दोन हातांत दोन तोलून बघितली.

"नामदेव, तुमचं खऱ्यापेक्षा हलकं झालंय," मी म्हणालो.

नामदेवचा चेहरा उजळला. मी लगेच माझ्यासाठीही एक करायला सांगितलं. त्याने आधीच साच्यात दुसरं घातलं होतं.

वहिनीने ते डोक्यावर चढवलं, पदर खोचला आणि विस्तवाभोवती सायकल चालवल्यासारखी फिरली. मग काढून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा लावून दिला. "परमनंट होऊन या," म्हणाली. "ब्रेक आला की म्हाताऱ्या माणसावानी वट्यावर बसून ऱ्हाताव, मला बगवत नाय."

रोहा

रोह्यापुढे तेव्हा कोकणात जायचे रूळ पडत होते आणि गावात बाहेरची माणसं पुष्कळ होती. तरी त्या सकाळी कुंडलिकेच्या काठावर जी मंडळी जमली ती गावाने कधी पाहिली नव्हती. मुंबईहून गाड्यांच्या टपांवर सायकली आल्या होत्या. एकेक सायकल करंगळीवर उचलावी अशी. चड्ड्या चकचकीत, चष्मे रंगीत. आमच्याकडे पाहून कोणी हसलं नाही, पण बघणंही कोणी टाळलं नाही.

सायकली तपासायला एक गृहस्थ होते. त्यांनी दत्ताच्या हेल्मेटवर बोटाची पेरं वाजवली, पट्टा ओढून पाहिला आणि "व्हेरी गुड" म्हणून पुढे गेले. मुंबईच्या एकाने तर "कुठे मिळालं?" म्हणून विचारलं. "पेणला," दत्ता म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

भरतीच्या पाण्यातून दत्ता दुसरा बाहेर निघाला. मी बराच मागून. सायकलवर मात्र माझे पाय खांबांवर चढून तयार झालेले. नागोठण्याच्या वाटेवर भिसे खिंड लागते, तिच्या चढणीला मी एकेकाला मागे टाकत गेलो. दोन करंगळीवाल्या सायकली तिथे झाडाखाली उभ्या होत्या, मालक ओकत होते. खिंडीच्या माथ्याजवळ मी दत्ताला गाठलं. पुढे एकच मुंबईवाला होता. कंपनीचा दुसरा कोणी कामगार मागे नजरेच्या टप्प्यात नव्हता. आता शर्यत नुसती पुरी केली तरी नोकरी त्याची होती, आणि ते त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा मी पाहिला ना.

"चला भाऊ," तो ओरडला, "आता उतारच हाय!"

उतारावर तो माझ्या पुढे गेला. पंख्याच्या पाइपावर कोपरं टेकून, अंग चोरून, सुंदर चालला होता. वळणावर कुठल्याशा ट्रकमधून पडलेला पेंढा रस्त्यावर पसरला होता. कोरडा पेंढा डांबरावर कसा सरकतो ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, पण वळण संपेपर्यंत पेंढा दिसतच नव्हता. पुढचं चाक निसटलं. दत्ता कडेच्या दगडावर डोक्याने गेला.

आवाज फारसा झाला नाही. ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. मी ब्रेक दाबत, घसटत, कोपर सोलून घेत त्याच्यापाशी पोचलो. हेल्मेट त्याच्या डोक्याभोवती फुटून पडलं होतं. लाल रंगाचे पोपडे, त्याखाली रंगाआधी दिलेल्या खडूच्या लेपाची पांढरी पूड, आणि फाटलेल्या कडांतून वर्तमानपत्राची अक्षरं दिसत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कानातून रक्त येत होतं. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता, पण मला ओळखत नव्हता.

एका टेंपोने नागोठण्यापर्यंत नेलं, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला निघालो. वाटेत रामवाडीचा स्टँड गेला. जिथे तो मला न्यायला उभा होता ती जागा मला खिडकीतून दिसली. पेण मागे पडलं आणि थोड्या वेळाने त्याची नाडी धरून बसलेल्या माणसाने हात सोडला. गाडी वळवून आम्ही त्याला जित्याला परत आणलं.

शर्यत मुंबईवाल्याने जिंकली असं नंतर ऐकलं.

पुन्हा पेण, पुन्हा जिते

मी रजा वाढवली आणि राहिलो. घरात काय चाललं होतं ते लिहिणार नाही. ते पाहुण्याने लिहायचं नसतं. पेणच्या बाजारातून मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं हेल्मेट सुखरूप आहे हे सांगायला लावला होता, पण बोलता बोलता सगळंच सांगितलं. ते म्हणाले, "अरे, आतला थर्माकोलच तर हेल्मेट असतो. तो चेपतो म्हणून डोकं वाचतं. वरचं कवच नुसतं वर झाकायला." मलाही हे ठाऊक नव्हतं. मी ते डोक्यावर घालून अख्खी खिंड चढलो होतो.

तिथून नामदेवकडे गेलो. तो गणपतींमध्ये रिकामा बसला होता. माझ्यासाठी केलेलं दुसरं हेल्मेट फळीवर दिसलं नाही. मी विचारलंही नाही. त्यानेच हात पुढे केला. "भाऊ, तुमची टोपी परत एकदा बगू द्या."

त्याने कडेची चिकटपट्टी हलकेच सोडवली. वरचं लाल कवच वेगळं झालं आणि खाली पांढरा, जाड थर्माकोल राहिला. ही पट्टी त्याने याआधीही एकदा सोडवली होती.

"हे पॅकिंग नाय?" त्याने विचारलं.

तो थर्माकोल उलटासुलटा करून बघत होता.

"मला वाटलं, अमेरिकेस्नं येताना वाटंत मोडू नये म्हनून आत भरलंय," तो म्हणाला. "आमी पेंढा भरतो तसं. गणपती घरी पोचला की पेंढा काडून टाकायचा, पेंढ्याची कोन पूजा करतो? मी ते बाजूला ठेवलं, वरच्याचा साचा घेतला, आनि तुमचं होतं तसं परत बसवलं. तुमाला परत न्यायला उपेगी पडेल म्हनून."

मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सांगू नये असं फार वाटत होतं, पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि खोटं निघेना. त्याने थर्माकोलवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"म्हंजी मी जे बाजूला ठेवलं, तीच टोपी व्हती," तो म्हणाला.

खऱ्या हेल्मेटने तरी दत्ता वाचला असता की नाही कोण सांगणार, दगडच तसा होता, असं मी काहीबाही बोललो. त्याने ऐकलं नाही. उठून सदरा घातला आणि म्हणाला, "सुरेखाला दुसऱ्या कुनाकडनं कळाया नको. मी सांगतो. तुमी निस्ते बरोबर चला. ती टोपी घ्या संगं."

जित्याला तो घरात गेला नाही. पायरीवर बसला. वहिनी दाराशी आली तेव्हा त्याने खाली बघत सगळं सांगितलं; पेंढ्याचं, थर्माकोलचं, साच्याचं. एक शब्द आपल्या बाजूने घातला नाही. मी अंगणात उभा होतो. मला वाटलं ती किंचाळेल, त्याला घराबाहेर काढेल. निदान रडेल तरी. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "दादा, तू आत ये. पायरीवर नको बसू." पण तो उठला नाही.

कट्ट्यावरच्या मित्रांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. चड्डी छत्रीच्या कापडाची चालते. दांडा पंख्याच्या पाइपाचा चालतो. करंगळीवर उचलायची सायकल घेऊन खिंडीत ओकण्यापेक्षा आपली जुनी बरी. एवढं सगळं मी पूर्वीसारखंच म्हणेन. हेल्मेटचं मात्र मला विचारू नका. ते तुम्हाला वहिनीने सांगितलं आहे असं समजा.

त्या दिवशी वहिनी पायऱ्या उतरून माझ्याकडे आली आणि तिने हात पुढे केला. मी डॉक्टरांचं हेल्मेट तिच्या हातात दिलं. तिने ते उलटं केलं, नामदेवच्या अंगठ्याने पडलेल्या खळग्यावर आपलं बोट ठेवलं.

"भावोजी, हिची किंमत काय?"

मी सांगितली. अडीच हजार.

तिने एकदा भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येवडीच?" ती म्हणाली.